माशी, मासा आणि दुपारचे दोन

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात उन्हाळ्यात ट्राउट पकडायला निघालेली मंडळी आधी नदीचा ताप बघतात, मग किडे बघतात आणि मगच गळ टाकतात. पारा वर गेला की दुपारी दोनला गाशा गुंडाळून घरी! असं का? मासे पकडण्यात इंटरेस्ट नसला तरी वाचा, कारण गोष्ट नदीची आहे.

‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली.’ पावसाळ्यात ही बातमी आणि तिच्यातला क्युसेकचा आकडा तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकदा तरी फिरलेला असतोच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. आपल्याकडे हा आकडा आला की आपण एकच गोष्ट विचारतो, ‘मग आज कुठल्या पुलावरून जायचं?’ आकड्याचं काम तिथेच संपतं.

मोंटानामध्ये मात्र हाच आकडा लोक रोज सकाळी कॉफीच्या आधी मोबाइलवर बघतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, नद्यांवर ठिकठिकाणी मोजमापाची केंद्रं बसवली आहेत. नदीत किती क्युसेक पाणी वाहतंय, हे ती साधारण दर पंधरा मिनिटांनी नोंदवतात. अनेक ठिकाणी पाण्याचं तापमानही कळतं. ही माहिती कोणालाही फुकट बघता येते. आणि ती सगळ्यात जास्त कोण बघतं? शेतकरी, राफ्टिंगवाले आणि फ्लाय फिशिंगवाले.

माशी दाखवून मासा

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे आधी बघू. आपल्याकडे तळ्यावर गळ टाकून बसलेले काका तुम्ही पाहिले असतील. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि मग निवांत वाट बघणं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष खोटं असतं. छोट्याशा हूकवर पिसं, प्राण्यांचे केस आणि दोरा गुंडाळून हुबेहूब किडा तयार करतात. त्यालाच म्हणतात ‘फ्लाय’. म्हणजे अक्षरशः माशी दाखवून मासा पकडायचा!

आता गंमत अशी की या माशीला वजनच नसतं. ती फेकणार कशी? म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. रॉड मागे-पुढे हलवून ती जाड दोरी हवेत उलगडायची आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची. रॉबर्ट रेडफर्डचा १९९२ चा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ पाहिला असेल, तर तरुण ब्रॅड पिट नदीत उभा राहून हेच करताना आठवेल. नॉर्मन मॅक्लीन यांच्या १९७६ च्या पुस्तकावरचा हा सिनेमा. त्याला सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर मिळालं आणि मोंटानाच्या नद्या जगभर पोचल्या.

त्यातली एक फेमस नदी म्हणजे मॅडिसन. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये फायरहोल आणि गिबन या दोन नद्या एकत्र येतात, तिथून मॅडिसन सुरू होते. पुढे थ्री फोर्क्स गावाजवळ ती जेफरसन आणि गॅलाटिन यांना मिळते आणि तिघी मिळून मिसुरी होतात. मॅडिसनमध्ये मुख्यतः रेनबो आणि ब्राउन अशा दोन जातींचे ट्राउट सापडतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मोंटानाने १९७४ पासून, जिथे जंगली ट्राउट टिकून आहेत अशा नद्यांमध्ये हॅचरीतले मासे सोडणं बंद केलं. मॅडिसनवरच्याच अभ्यासातून दिसलं होतं की बाहेरून मासे सोडल्यावर नदीतल्या मूळच्या माशांची संख्या उलट घटते. त्यामुळे आज तिथे जो मासा गळाला लागतो, तो नदीनेच जन्माला घातलेला आणि नदीनेच पोसलेला असतो. नदी आजारी पडली, तर वरून टँकरभर मासे ओतून फोटो काढायची सोय नाही.

नदीचा मूड कसा ओळखायचा?

तिथला उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. पण जून उजाडला म्हणून लगेच मासेमारी जोरात सुरू होत नाही. मे-जूनमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळतो आणि नद्या फुगतात. पाणी थंड, वेगाने वाहणारं आणि चहासारखं गढूळ. माशाला माशी दिसत नाही आणि माणसाला पाण्यात उभं राहता येत नाही. कधीकधी हे प्रकरण हाताबाहेर जातं. जून २०२२ मध्ये वितळत्या बर्फावर जोराचा पाऊस पडला आणि यलोस्टोन नदीने कॉर्विन स्प्रिंग्सच्या केंद्रावर सुमारे ५० हजार क्युसेकचा टप्पा गाठला. त्याआधीचा तिथला उच्चांक १९१८ चा होता, सुमारे ३२ हजार क्युसेक. रस्ते वाहून गेले आणि सगळं पार्क रिकामं करावं लागलं.

एरवी जूनअखेरीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत पाणी ओसरतं आणि निवळतं. तेव्हा अनुभवी माणूस तीन गोष्टी बघतो.

पहिली, प्रवाह. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचं. हळूहळू उतरणारी आणि स्थिरावणारी नदी म्हणजे चांगली बातमी.

दुसरी, रंग. तळाचे गोटे दिसायला लागले की माशालाही वरचा किडा दिसायला लागतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तापमान. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसमध्ये तो मजेत खातो-पितो. वीसच्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो आणि पंचविसाच्या आसपास तर जिवावर बेततं. म्हणून तिथल्या गाइडच्या जॅकेटला किंवा बॅगेला छोटा थर्मामीटर लटकवलेला असतो. त्यात काही स्टाइल नाही, ते रोजचं हत्यार आहे.

पाण्यातून निघालेली वरात

आता किड्यांकडे वळू. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडते आणि घरातलं कोणीतरी ओरडतं, ‘अरे लाइट बंद कर!’ दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर नुसते पंख. हजारो किड्यांना एकाच संध्याकाळी बाहेर पडायचं कसं सुचतं? जमिनीतला ओलावा आणि हवा त्यांना सांगते. नदीतही असंच होतं. त्याला तिकडे ‘हॅच’ म्हणतात.

मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय ही या खेळातली तीन मोठी घराणी. तिघांचं बालपण पाण्याखाली, दगडांच्या सांदीत जातं. कॅडिसच्या काही जातींच्या अळ्या तर वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती घर बांधतात. मग ऋतू आला, पाणी हवं तितकं तापलं, की ते बाहेर येतात, पंख फुटतात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात आणि संपतात. मोठ्या झालेल्या मेफ्लायला खाण्यासाठी कामाचं तोंडही नसतं. तिचं पंखांचं आयुष्य बहुतेक वेळा एक-दोन दिवसांचंच. आणि पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा किडा म्हणून कीटकांमध्ये तिचा वेगळाच मान आहे.

मॅडिसनवरचा स्टार मात्र साल्मनफ्लाय. ही स्टोनफ्लायची एक जात, नारिंगी पोटाची, जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब. तिची पिल्लं तीन ते चार वर्षं नदीच्या तळाशी काढतात. म्हणजे तुम्ही अकरावीत असताना घातलेल्या अंड्यातला किडा तुम्ही एस.वाय.ला पोचता तेव्हा उडतो! पाणी साधारण १० ते १३ अंशांवर आलं की ही पिल्लं सरपटत काठावर येतात, झुडपांवर आणि दगडांवर चढतात, कात फाडून बाहेर पडतात. नदीचा खालचा भाग आधी तापतो, म्हणून हॅच खालून सुरू होऊन दिवसागणिक वर वर सरकत जातो. एरवी सावध असणारे मोठे ट्राउट या दिवसांत भान विसरून खातात. आणि या वरातीच्या मागे गाड्या आणि होड्या घेऊन माणसंही सरकत असतात.

मग जुलैत सकाळी उशिरा फिकट पिवळ्या छोट्या मेफ्लाय, संध्याकाळी कॅडिस. ऑगस्टमध्ये काठावरच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात आणि मासे त्यांच्यासाठी काठाला टपून बसतात. नदीवर त्या दिवशी जो किडा असेल, त्याच आकाराची आणि रंगाची माशी दोरीला बांधायची. या पद्धतीला ‘मॅचिंग द हॅच’ म्हणतात. अर्नेस्ट श्वीबर्ट यांच्या १९५५ च्या पुस्तकाचं नावही तेच.

थोडक्यात, हॅच म्हणजे नदीचा थर्मामीटर आणि कॅलेंडर एकत्र. वर्ष गरम असेल तर किडे लवकर निघतात. पाणी घाण झालं तर निघतच नाहीत. या तिन्ही घराण्यांच्या बहुतेक जातींना स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. म्हणून नदीच्या तब्येतीची चाचणी घेताना शास्त्रज्ञ आधी त्यांची हजेरी घेतात.

आणि हजेरी कमी होतेय. अमेरिकेत मेफ्लायचे काही थवे इतके मोठे असतात की ते हवामानाच्या रडारवर पावसाच्या ढगासारखे दिसतात. जुलै २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस इथे मिसिसिपीवरून उठलेला असा थवा रडारवर टिपला गेला होता. २०२० मध्ये संशोधकांनी अशाच रडारच्या नोंदी तपासल्या. मिसिसिपीचा वरचा भाग आणि ईरी सरोवराचा पश्चिम भाग या ठिकाणी २०१२ ते २०१९ या काळात मेफ्लाय निम्म्याहून अधिक घटल्याचं त्यांना दिसलं. या काही ट्राउटच्या नद्या नाहीत, पण हा इशारा मोंटानालाही लागू आहे.

घुबडाच्या वेळेचा नियम

आता त्या दुपारच्या दोनकडे येऊ.

मोंटानाचं मत्स्य आणि वन्यजीव खातं उन्हाळ्यात नद्यांचं तापमान बघत असतं. एखाद्या नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ अंश सेल्सिअसला पोचलं की तिथे ‘हूट आउल’ निर्बंध लागू करता येतात. दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद. प्रवाह फारच कमी झाला तरी निर्बंध येऊ शकतात. नाव घुबडावरून का? पूर्वी कडक उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने लाकूडतोडे भल्या पहाटे कामाला लागायचे आणि दुपारच्या आत थांबायचे. पहाटे त्यांच्या सोबतीला घुबडांचा आवाज असायचा.

‘पण ते तर मासा पकडून परत सोडतात ना? मग काय बिघडलं?’ तुम्ही हे विचारणारच. याचं उत्तर सायन्सच्या पुस्तकात आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना आठच्या थोडा वर. दुसरीकडे मासा शीतरक्ताचा, त्यामुळे पाणी तापलं की त्याच्या शरीराचं इंजिन जोरात धावतं आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. मागणी वाढली, पुरवठा आटला. अशा वेळी गळाला लागून तो पाच मिनिटं झुंजला, तर ते एप्रिलच्या भर दुपारी नाकावर रुमाल बांधून पळत सिंहगड चढण्यासारखं होतं. वर फोटोसाठी त्याला पाण्याबाहेर धरलं, म्हणजे श्वासच बंद. सोडल्यावर तो पोहत जाताना दिसतो, तुम्हाला बरं वाटतं, आणि थोड्या वेळाने तो खाली कुठेतरी मरतो. तुमच्या रीलमध्ये ते येत नाही.

वेळ दुपारी दोनचीच का? हवेपेक्षा पाणी सावकाश तापतं. दिवसभराची उष्णता साठत साठत दुपार उलटल्यावर पाणी सर्वात गरम होतं आणि रात्रीपर्यंत तसंच राहतं. पहाटे ते सर्वात थंड. म्हणून गाइड लोक अंधारात होड्या काढतात आणि जेवायच्या वेळेला परततात.

यात नुकसान होतंच. गाइडचा अर्धा दिवस जातो. नदीकाठच्या एनिससारख्या छोट्या गावांची हॉटेलं, दुकानं, होड्या, सगळं उन्हाळ्याच्या काही आठवड्यांवर चालतं. शिवाय वाद आहेतच. शेतकरी गवताच्या कुरणांसाठी नदीचं पाणी पाटाने घेतात, मग नदीत पाणी उरतं कमी आणि ते तापतं लवकर. मासेमार शेतकऱ्यांकडे बोट दाखवतात, शेतकरी गर्दी करणाऱ्या होड्यांकडे. तरी बिग होल नदीच्या खोऱ्यात दोघांनी एकत्र बसून मार्ग काढला आहे. प्रवाह ठरावीक आकड्याखाली आला की शेतकरी स्वेच्छेने पाटाचं पाणी कमी करतात आणि मासेमार गळ आवरतात. आकडा आधीच ठरलेला असल्याने ऐन वेळी भांडण कमी होतं.

एक उन्हाळा, जेव्हा नदीच बंद केली

हे सगळं अति वाटत असेल, तर ऑगस्ट २०१६ बघा. यलोस्टोन नदीत व्हाइटफिश जातीचे मासे मरून तरंगायला लागले. एक-दोन नाही, हजारोंनी. कारण निघालं माशांच्या मूत्रपिंडावर हल्ला करणारा एक परजीवी. पाणी कमी आणि गरम असलं की या रोगाची मारक शक्ती वाढते, आणि त्या उन्हाळ्यात नदी तशीच होती. १९ ऑगस्टला राज्याने पार्कच्या हद्दीपासून लॉरेल गावापर्यंतची सुमारे २९५ किलोमीटर नदी सगळ्यांसाठी बंद केली. मासेमारी, राफ्टिंग, पोहणं, काहीच नाही. सप्टेंबरपासून ती टप्प्याटप्प्याने उघडली. ऐन सीझनमध्ये दुकानांचे गल्ले रिकामे राहिले. अर्धा दिवस थांबण्याची किंमत तेव्हा अनेकांना नीट कळली.

२०२१ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तर जुलैतच राज्यातल्या अनेक नद्यांवर हूट आउल निर्बंध आले. पूर्वी अशी वेळ ऑगस्टच्या उकाड्यात यायची. आता सीझनच्या मध्यावरच घड्याळ बघावं लागतं.

ट्राउट नाही, पण दगड आहेत

महाराष्ट्रातल्या नद्या ट्राउटसाठी फारच गरम. भारतात हा मासा १९०० च्या सुमारास इंग्रजांनी काश्मीरमध्ये आणला, पुढे हिमाचलमध्येही. कुल्लूजवळच्या तीर्थन खोऱ्यात ट्रेकला गेलात, तर तिथे परवाना काढून फ्लाय फिशिंग करणारे दिसतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ, तेव्हा हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी बंद असते.

थांबायचा नियम आपल्यालाही नवा नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला आणि मासे विणीला आलेले. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा होड्या लोटतात. नदीच्या बाबतीत मात्र आपण एवढे जागरूक नाही. पूर आला की क्युसेक बघतो, पूर ओसरला की नदी विसरतो.

तर एक काम करा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सह्याद्रीतल्या एखाद्या वाहत्या ओढ्यावर ट्रेकला जाल, तेव्हा पाणी घोट्याएवढंच असेल अशा जागी पाण्यातला एक दगड हळूच उलटून बघा. खालच्या बाजूला शेपटाकडे दोन-तीन लांब केस असलेला, पोटाच्या कडेने पिसांसारखे कल्ले हलवणारा चपटा किडा दिसला, तर ते मेफ्लायचं पिल्लू. ओढा ठणठणीत आहे असं समजायला हरकत नाही. मग शहरात आल्यावर नदीच्या काठाशी बघा. काळ्या गाळात वळवळणाऱ्या रक्तासारख्या लाल अळ्याच दिसल्या, तर तिथे प्राणवायूची बोंब आहे. कमी प्राणवायूत तग धरणारे जीवच तिथे उरलेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक तपासणीतही तळाच्या अशाच जिवांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत आहे. बायो किंवा एन्व्हायर्न्मेंटच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? एक पांढरा ट्रे, एक भिंग आणि एक थर्मामीटर एवढ्यावर काम सुरू होतं. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच वेळी जा, तापमान आणि किडे वहीत लिहा. वर्षभरात तुमच्याकडे त्या ओढ्याची अशी नोंद असेल, जी बहुतेक कोणाकडेच नसेल.

आणि हो, बघून झाल्यावर दगड होता तसा परत ठेवा. त्याच्याखाली कोणाची तरी तीन वर्षांची तयारी चालू असू शकते.